कार्ड हेच मानक : जुन्या साउंड कार्डांच्या ड्रायव्हर आणि फर्मवेअर चाचणीचा इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीला आवाज होता तो एका बिटाचा. इंटेल ८२५३ ही टायमर चिप छोट्या स्पीकरचा प्रवाह ठरावीक गतीने चालू-बंद करी आणि त्यातून एका वेळी एकच सूर निघे. प्रत्येक पीसीत तीच किंवा तिच्याशी सुसंगत चिप, तीही त्याच पत्त्यावर. त्यामुळे ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थाची गरज नव्हती आणि त्याच्या चाचणीचा प्रश्नही नव्हता. साउंड कार्डे आली आणि हा साधेपणा संपला. कार्ड बसवले आहे की नाही, असल्यास कोणते, कोणत्या पत्त्यावर, त्याच्या पोटातल्या प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती, हे सारे गेमने किंवा ड्रायव्हरने स्वतःच हुडकायचे होते. कार्डाने कसे वागावे हे सांगणारे सर्वमान्य मानक मात्र कुणी लिहिलेले नव्हते. ज्याचा खप जास्त त्याचे कार्ड हेच मानक, त्यातल्या खोडींसकट.

या खप झालेल्या कार्डांतले पहिले अ‍ॅडलिबचे. कॅनडातल्या क्यूबेक शहरात मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या माजी प्राध्यापकाने काढलेल्या कंपनीने १९८७ मध्ये ते बाजारात आणले. त्यावर यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती. एफएम पद्धतीने ती एकाच वेळी नऊ स्वर वाजवू शके. १९८८ मध्ये सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ने अ‍ॅडलिबला साथ दिली आणि मग बाकीचे गेम त्याच वाटेने गेले.

अ‍ॅडलिबवर फर्मवेअर नव्हते. ‘तू आहेस का?’ असे विचारले तर उत्तर देणारे त्यावर कुणी नव्हते. प्रोग्रॅमरांनी यावर काढलेली युक्ती सुरेख होती. यामाहाच्या चिपमध्ये दोन टायमर होते. संगीताला त्यांचा फारसा उपयोग नव्हता. गेम आधी दोन्ही टायमर थांबवी आणि ३८८ या षोडशमान पत्त्यावरून चिपची स्थिती वाचून ठेवी. मग पहिला टायमर अगदी शेवटाजवळच्या आकड्यापासून सुरू करी, निदान ८० मायक्रोसेकंद थांबे आणि स्थिती पुन्हा वाची. आधी वरचे तीन बिट शून्य आणि नंतर त्यांतले दोन चढलेले दिसले, की कार्ड आहे असे समजायचे. आजही कुणी अ‍ॅडलिबची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला तर त्याला हे टायमर हुबेहूब वठवावेच लागतात. ते चुकले तर आवाज कितीही बिनचूक असला तरी गेम ‘कार्ड नाही’ म्हणून गप्प बसतो.

ड्रायव्हरची खरी कसोटी लागे ती वेळेच्या हिशेबात. चिपला कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायचे ते कळवल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि प्रत्यक्ष आकडा लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावे लागे. त्यासाठी ठरून गेलेला उपाय असा, की चिपचीच स्थिती पहिल्या वेळी ६ दा आणि दुसऱ्या वेळी ३५ दा वाचायची. हे वाचन आयएसए बसच्या संथ गतीने होई, म्हणून प्रोसेसर वेगवान झाला तरी थांबण्याचा काळ फारसा घटत नसे. ज्यांनी त्याऐवजी प्रोसेसरला रिकामे आकडे मोजायला लावले, त्यांचे ड्रायव्हर २८६ वर नीट चालले आणि ४८६ वर सूर गाळू लागले. ड्रायव्हर एकाच यंत्रावर तपासून भागत नाही, हा धडा इथे मिळाला.

१९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने साउंड ब्लास्टर आणले. सिम वाँग हू यांच्या या कंपनीने अ‍ॅडलिबचीच यामाहा चिप घेतली, म्हणजे अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले सगळे गेम पहिल्या दिवसापासून चालणार होते. त्याच्या जोडीला बोलणे, स्फोट, घोड्यांच्या टापा असे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारा भाग आणि जॉयस्टिकची जागा दिली. या भागाला कंपनीने डीएसपी असे भारदस्त नाव ठेवले. प्रत्यक्षात तो इंटेल ८०५१ घराण्यातला साधा मायक्रोकंट्रोलर होता. त्याच्या रॉममध्ये कोरलेला छोटासा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या भानगडींचे मूळ तेच.

या डीएसपीला जागे करण्याचा विधी त्या काळच्या प्रत्येक साउंड प्रोग्रॅमरला तोंडपाठ असे. कार्ड २२० या पत्त्यावर असेल तर २२६ वर १ लिहायचा, तीन मायक्रोसेकंद थांबायचे, तिथेच ० लिहायचा. मग २२ए वरून वाचत राहायचे. साधारण १०० मायक्रोसेकंदांच्या आत ‘एए’ हा आकडा आला, तर कार्ड जिवंत आहे. त्यापुढे ई१ हा हुकूम दिला की डीएसपी आपली आवृत्ती दोन बाइटमध्ये सांगे. ई० हा हुकूम खास चाचणीसाठीच होता: कोणताही बाइट पाठवा, डीएसपी त्याचे सगळे बिट उलटवून परत देणार. ई४ ने एक आकडा ठेवायचा आणि ई८ ने तोच परत मागायचा, ही आणखी एक तपासणी. एफ२ दिला की कार्ड मुद्दाम इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा, उठवी. ड्रायव्हर संभाव्य इंटरप्टांवर कान लावून बसे आणि कोणता वाजला ते पाहून कार्डाचा जंपर कुठे आहे हे ओळखे.

आवृत्ती कळणे हे नुसते कुतूहल नव्हते. १.xx आवृत्तीचे फर्मवेअर आवाजाचा एक तुकडा वाजवून थांबे आणि पुढच्या तुकड्यासाठी नव्याने हुकूम मागे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर बारीकशी ‘टिक’ ऐकू येई. २.०० मध्ये न थांबता तुकडे फिरवत ठेवण्याची सोय आली. विंडोज ३.० च्या मल्टिमीडिया विस्ताराला हीच सोय हवी होती, म्हणून जुन्या कार्डाच्या सॉकेटमधली डीएसपी चिप उपटून तिथे २.०० ची नवी बसवण्याचा मार्ग क्रिएटिव्हने ठेवला होता. फर्मवेअर अपडेट करणे म्हणजे तेव्हा हातात चिमटा घेणे होते. साउंड ब्लास्टर प्रोमध्ये ३.xx आणि १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये ४.xx आवृत्त्या आल्या. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला या चारही पिढ्या टेबलावर ठेवल्याशिवाय ‘चालते’ असे म्हणता येत नसे.

चाचणीत सापडणाऱ्या चुका बहुतेक ठरावीक जातीच्या असत. आवाजाचा वेग फर्मवेअरला हर्ट्झमध्ये सांगता येत नसे. दहा लाखांना त्या वेगाने भागून, उत्तर २५६ मधून वजा करून, उरलेला आकडा द्यावा लागे. २२,०५० हर्ट्झसाठी भागाकार ४५.३५ येतो, पूर्णांक घेतला की कार्ड प्रत्यक्षात २२,२२२ हर्ट्झने वाजते. ११,०२५ साठी एक ड्रायव्हर ९० धरी, दुसरा ९१. एकच फाइल एकाच कार्डावर किंचित वेगळ्या पट्टीत ऐकू येई. दुसरी चूक मेमरीची. पीसीचा डीएमए कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतला आवाज कार्डाकडे नेणारा भाग, ६४ किलोबाइटांची सीमा ओलांडू शकत नसे. आवाजाचा साठा नेमका त्या सीमेवर पसरला तर मधेच भलताच भाग ऐकू येई, आणि साठा कुठे पडेल हे त्या दिवशी मेमरीत आणखी काय भरले आहे त्यावर अवलंबून. असली चूक कंपनीच्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने दिसत नसे आणि ग्राहकाच्या घरी पहिल्याच संध्याकाळी दिसे. तिसरी भांडणाची: इंटरप्ट ७ वर साउंड कार्ड, आणि त्याच ७ वर प्रिंटर.

हे सगळे गेमना एकदाच सांगून टाकण्यासाठी ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘ब्लास्टर’ नावाची एक ओळ लिहिली जाई: ए२२० आय५ डी१ टी६. पत्ता, इंटरप्ट, डीएमए आणि कार्डाचा प्रकार. ही ओळ म्हणजे कार्डाने नव्हे, माणसाने केलेला दावा. जंपर एकीकडे आणि ओळ दुसरीकडे असली तर ओळीवर विश्वास ठेवणारा गेम हँग होई आणि स्वतः शोध घेणारा गेम चालून जाई. क्रिएटिव्हने त्यासाठी आधी ‘टेस्ट-एसबीसी’ आणि पुढे ‘डायग्नोझ’ हे चाचणी प्रोग्रॅम दिले. पत्ता, इंटरप्ट, डीएमए यांची पडताळणी करून ते एक आवाज वाजवून दाखवत. मात्र या चाचणीत पास झालेले कार्ड गेममध्ये नापास होऊ शके, कारण चाचणी प्रोग्रॅम शांतपणे एक-एक काम करतो आणि गेम सगळी कामे एकदम अंगावर टाकतो.

म्हणूनच लोकांनी खरा परीक्षक मानला तो गेमचा सेटअप प्रोग्रॅम. गेम कंपन्यांनी स्वतःचे ड्रायव्हर लिहिणे हळूहळू सोडून जॉन माइल्स यांची ‘एआयएल’ किंवा एचएमआय कंपनीची ‘साउंड ऑपरेटिंग सिस्टिम’ अशा तयार ड्रायव्हर-संग्रहांचा आधार घेतला. या संग्रहांबरोबर डझनावारी कार्डांची यादी आणि ‘आवाज तपासा’ असे बटण सेटअपमध्ये आले. एकेका कार्डाची चाचणी शंभर गेम कंपन्यांनी वेगवेगळी करण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी होऊ लागली. पीसीवरच्या आवाजाला जी काही शिस्त लागली तिचे श्रेय कार्डे विकणाऱ्या कंपन्यांपेक्षा या मधल्या मंडळींना जास्त द्यायला हवे.

‘साउंड ब्लास्टर कंपॅटिबल’ हे शब्द खोक्यावर छापणाऱ्या कंपन्यांची रांग लागली होती: मीडिया व्हिजन, ईएसएस, ऑप्टी, यामाहा. त्यांच्यापुढचा प्रश्न विचित्र होता. नक्कल करायची ती कशाची? क्रिएटिव्हच्या पुस्तिकेत छापलेल्या हुकमांची, की कार्ड प्रत्यक्षात करते त्या सगळ्याची? ई२ सारखा हुकूम कागदपत्रांत नव्हता, पण फर्मवेअरमध्ये होता. ई३ दिला की नवा डीएसपी क्रिएटिव्हच्या कॉपीराइटची ओळ अक्षर-अक्षर परत पाठवी, म्हणजे अस्सल-नक्कल ओळखायची सोय कार्डाच्या पोटातच होती. नकलेच्या चाचणीला एकच पद्धत उरली: शेजारी अस्सल कार्ड लावायचे, खपाचे गेम दोन्हींवर चालवायचे, फरक दिसला की नकलेत दुरुस्ती करायची. यातली गंमत अशी की साउंड ब्लास्टर १६ मध्ये क्रिएटिव्हने स्वतःच्याच साउंड ब्लास्टर प्रोची स्टीरिओ पद्धत नीट पाळली नाही. प्रोसाठी लिहिलेले गेम त्यावर मोनो ऐकू येत. ईएसएस आणि यामाहाच्या स्वस्त कार्डांवर तेच गेम व्यवस्थित स्टीरिओ वाजत. या एका बाबतीत नक्कल मुळापेक्षा सरस ठरली.

साउंड ब्लास्टर १६ च्या फर्मवेअरमधला सर्वांत कुप्रसिद्ध दोष सुराचा आहे. या कार्डाला मिडीसाठी, म्हणजे वाद्यांना सुरांचे संदेश पाठवण्यासाठी, एमपीयू-४०१ धर्तीचा मार्ग होता. त्यावर वेव्ह ब्लास्टर हे पूरक कार्ड किंवा बाहेरचे मिडी मॉड्यूल जोडता येई. मिडीमध्ये सूर सुरू करण्याचा संदेश तीन बाइटांचा आणि थांबवण्याचाही तीन बाइटांचा. ४.११, ४.१२ आणि काही ४.१३ आवृत्तीच्या कार्डांवर संगीत चालू असताना ध्वनिमुद्रित आवाजही वाजू लागला, की अधूनमधून यातला एखादा बाइट गहाळ होई. सुरू करण्याचा संदेश हरवला तर एक सूर कमी वाजे, कुणाच्या लक्षातही येत नसे. थांबवण्याचा हरवला की तो सूर थांबतच नसे; व्हायोलिनची एक पट्टी गेम बंद करेपर्यंत रेंगाळत राही. ‘डूम’सारख्या गेममध्ये, जिथे संगीत आणि बंदुकांचे बार सतत एकत्र चालतात, हे हटकून घडे. दोष ड्रायव्हरमध्ये नव्हता, म्हणून ड्रायव्हर बदलून काहीच होत नसे. फर्मवेअर चिपमध्ये कायमचे कोरलेले, म्हणून अपडेटचीही सोय नव्हती. नुसते मिडी तपासले तर कार्ड पास, नुसता ध्वनिमुद्रित आवाज तपासला तरी पास. दोन्ही एकत्र लावले तरच दोष दिसणार. ४.१६ आवृत्तीत तो नाही. जुनी कार्डे विकत घेणारे म्हणूनच आजही आधी डीएसपीची आवृत्ती विचारतात.

फर्मवेअरच्या आवृत्तीनुसार वागणूक बदलण्याचा हाच प्रकार रोलंडच्या एमटी-३२ बाबतही दिसतो. १९८७ चे हे जपानी मॉड्यूल संगीतकारांसाठी होते, गेमनी ते आपलेसे केले. पहिल्या पिढीच्या फर्मवेअरला वाद्यांची माहिती भरणारे लांब संदेश भरभर पाठवले की त्याचा साठा भरून वाही आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येऊन ते अडके. पुढची पिढी जलद होती; तिच्यावर तपासलेल्या गेमना संदेशांमध्ये थांबण्याची गरजच भासली नाही, आणि ते गेम जुन्या मॉड्यूलवर कोसळू लागले. उलट काही आरंभीचे गेम जुन्या फर्मवेअरच्या खोडीवर विसंबून होते. नव्या मॉड्यूलवर त्यांचे आवाज बिघडत. दोघांनाही खूश करणारी एक आवृत्ती नाही.

ज्या कार्डांची रचनाच वेगळी होती त्यांना नक्कल सॉफ्टवेअरमधून करावी लागली. १९९२ चे कॅनेडियन ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड स्वतःच्या मेमरीत वाद्यांचे खरे नमुने भरून ३२ स्वर वाजवी. युरोपातल्या डेमो करणाऱ्यांचे ते लाडके होते. पण साउंड ब्लास्टरची भाषा त्याला येत नव्हती. ‘एसबीओएस’ हा मेमरीत ठाण मांडून बसणारा प्रोग्रॅम ती उणीव भरून काढी. डॉसच्या साध्या गेममध्ये हे कसेबसे जमे, प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणारे गेम आले तसे फसत गेले. क्रिएटिव्हच्या एडब्ल्यूई३२ वर ‘एडब्ल्यूई-युटिल’ नेही अशाच धर्तीवर मिडीची नक्कल केली आणि तीही तिथेच अडखळली.

चाचणीला पहिले अधिकृत रूप मिळाले ते विंडोजमुळे. १९९१ मध्ये एमपीसी मानकाने कार्डाला निदान ८ बिट आणि २२ किलोहर्ट्झ आवाज वाजवता आला पाहिजे असे ठरवले. ते किमान पात्रतेचे होते, वागणुकीचे नव्हे. विंडोज ९५ बरोबर प्लग अँड प्ले आले, जंपर गेले. मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर क्वालिटी लॅबच्या चाचण्या पार केल्याखेरीज खोक्यावर विंडोजचे बोधचिन्ह लावता येईना, आणि २००० सालच्या विंडोज २००० पासून सही नसलेल्या ड्रायव्हरबद्दल सूचना दिसू लागली. मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेल्या असेंबल्ड पीसींत बसणारी कार्डे या बोधचिन्हाची वाट पाहणारी नव्हती. तिथे कार्डाची ओळख त्यावरच्या चिपचे अक्षर वाचून होई आणि त्या चिपचा ड्रायव्हर चालला तर चालला. दुकानदाराने विंडोज सुरू करून एक गाणे वाजवून दाखवले की चाचणी पुरी.

लिनक्सवाल्यांची अडचण आणखी वेगळी होती. कंपन्या माहिती देत नसत, कार्डे स्वयंसेवकांच्या घरी होती, आणि ज्याच्याकडे जे कार्ड त्याने त्याचा ड्रायव्हर तपासायचा. हन्नू सावोलाइनेन यांच्या जुन्या ड्रायव्हरसंचानंतर यारोस्लाव किसेला यांनी अल्ट्रासाउंडच्या ड्रायव्हरपासून सुरू केलेला अल्सा प्रकल्प पुढे कर्नेलचा भाग झाला. टर्टल बीचच्या मल्टिसाउंडसारख्या कार्डांना तर स्वतःचे कायमचे फर्मवेअरच नव्हते; मोटोरोलाच्या प्रोसेसरसाठीचा प्रोग्रॅम दर वेळी फाइलमधून भरावा लागे. ती फाइल कंपनीच्या फ्लॉपीवरच असायची. ती हरवली की कार्ड धडधाकट असूनही मुके.

पीसीआय कार्डांनी हा अध्याय बंद केला. नव्या बसवर जुनी डीएमए नव्हती, त्यामुळे १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हलाही डॉसमध्ये साउंड ब्लास्टरचे सोंग सॉफ्टवेअरने आणावे लागले. १९९७ च्या इंटेलच्या एसी’९७ मानकाने आवाज मदरबोर्डवर आला आणि वेगळे कार्ड घेण्याचे कारण बहुतेकांना उरले नाही.

जुन्या कार्डांची चाचणी मात्र थांबली नाही, तिची दिशा उलटी झाली. पूर्वी कार्डावर ड्रायव्हर तपासत. आता कार्डावर नक्कल तपासतात. डॉसबॉक्स, पीसीएम आणि ८६बॉक्स या प्रोग्रॅमांतली साउंड ब्लास्टरची नक्कल अस्सल कार्डाशी ताडून बसवली आहे. यामाहाच्या चिपचे कवच उघडून, आतल्या रचनेची छायाचित्रे घेऊन, त्यांवरून ‘न्यूक्ड ओपीएल३’ हा नकलेचा प्रोग्रॅम लिहिला गेला. डीएसपीमधले फर्मवेअर वाचून त्याचे पृथक्करण झाले, पहिल्या साउंड ब्लास्टरची ‘स्नार्क बार्कर’ ही उघड आराखड्याची प्रतिकृती बनली. ‘पिकोगस’ हे नवे कार्ड जुन्या आयएसए स्लॉटमध्ये बसते, त्यावर रास्पबेरी पाय पिकोची चिप असते, आणि फर्मवेअर बदलून त्यालाच अल्ट्रासाउंड, अ‍ॅडलिब किंवा एमपीयू-४०१ बनवता येते. त्याचे फर्मवेअर बरोबर आहे की नाही हे ठरवणारे परीक्षक तेच आहेत, तीस वर्षांपूर्वीचे गेम आणि डेमो.

या कामात आज सर्वांत मोठी टंचाई आहे ती कार्डांबरोबर आलेल्या ड्रायव्हर फ्लॉपींची, विशेषतः ऑप्टी, ईएसएस, क्रिस्टल यांच्या चिपवरच्या बिननावाच्या कार्डांच्या फ्लॉपींची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी चढते, आणि ती चढलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की वाचणाऱ्या डोक्यासकट चकतीवरचा थर खरवडला जातो. घरात किंवा जुन्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात असे कार्ड आणि त्याची फ्लॉपी असेल तर ती भंगारात देण्याआधी बुरशी तपासावी, हलक्या हाताने पुसून घ्यावी आणि तिची संपूर्ण प्रतिमा उतरवून ठेवावी. चिपवरचे आकडे आणि डीएसपीची आवृत्तीही सोबत लिहावी.